जांघेतला नायटा लालभडक झालाय, स्टिरॉइड मिक्स ट्यूब चालू ठेवायची की बंद? दोन डॉक्टर, दोन मतं

सिडकोची वहिनी

नमस्कार मंडळी. प्रश्न मिस्टरांसाठी विचारतेय, ते स्वतः कुणाला काही विचारणार नाहीत, जागाच तशी आहे. मिस्टर सातपूरला कंपनीत शॉपफ्लोअरवर आहेत. जाड युनिफॉर्म, सेफ्टी शूज, बाजूलाच फर्नेस, आणि आता पावसाळा म्हणजे त्र्यंबक रोडने गाडीवर भिजत जायचं आणि तीच ओली पँट दिवसभर अंगावर वाळवायची. जांघेत नायटा झालाय. आधी रुपयाएवढी चकती होती, आता कड पसरत पसरत मांडीवर आणि मागे कमरेच्या पट्ट्याखालीपण गेलीये, मध्ये काळपट आणि कडेला लाल, बारीक पुरळ. रात्री झोपेत खाजवतात, सकाळी चादरीला रक्ताचे ठिपके.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक ट्यूब दिली होती. खोक्यावर क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल असं लिहिलंय. लावली की दोन दिवसात लाली गायब, खाज गायब, एकदम जादू. बंद केली की आठवड्यात परत, आणि आधीपेक्षा मोठं. मग मेडिकलमधून तीच ट्यूब परत आणायची, असं उन्हाळ्यापासून चाललंय.

शेवटी कॉलेज रोडला एका स्किनवाल्यांकडे नेलं. त्यांनी खोका बघितला आणि म्हणाले हे आजपासून बंद. साधं बुरशीचं क्रीम आणि कॅप्सूल दिल्या. आता झालंय असं की साध्या क्रीमने आराम तर नाहीच, उलट लाली दुप्पट झाली आणि आग होते म्हणतात. मिस्टरांचं म्हणणं पहिला डॉक्टरच बरा, सासूबाईंचंही तेच. त्यात माझा मावसभाऊ पुण्यात फार्मा कंपनीत आहे, तो म्हणतो अगं परदेशातपण जास्त सूज लाली असली की मिक्स क्रीम देतातच, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय.

मग नेमकं खरं काय? ती ट्यूब चूक आहे का चालते थोडे दिवस? फोटो टाकणार नाही, माफ करा.

मेडिकलवाला पंचवटी

वहिनी, काउंटरच्या या बाजूने सांगतो. जून ते ऑक्टोबर आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी कशाला असेल तर खाजेच्या ट्यूबला. आणि गिऱ्हाईक नाव पण सांगत नाही, मोबाईलवर रिकाम्या ट्यूबचा फोटो दाखवतो किंवा चेपून चेपून सपाट झालेली ट्यूबच समोर ठेवतो, ‘हीच द्या, हिनेच फरक पडतो.’ चिठ्ठी मागितली की शेजारच्या दुकानात जातो. तिथे मिळते. हे असं आहे.

कायद्याचं म्हणाल तर स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत. पूर्वी शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत एक पळवाट होती, वरून लावायच्या औषधांना सूट होती, त्यामुळे दुकानदार म्हणायचे आम्ही काय गोळी देतोय का. मार्च २०१८ मध्ये केंद्राने ती सूट काढली आणि क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन वगैरे १४ स्टिरॉइडं चिठ्ठीवर आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात ही स्टिरॉइड अधिक अँटीबायोटिक अधिक बुरशीचं औषध अशी काही क्रीमंपण होती. पण एक कॉम्बिनेशन बंद झालं की त्यातलं एक औषध बदलून त्याच नावाच्या मागेपुढे एखादं अक्षर लावून नवीन खोका येतो. म्हणून नाव बघूच नका, खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते वाचा. शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ येतं ते साधारण स्टिरॉइड, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, आणि एक फ्लुओसिनोलोन. शेवटी ‘झोल’ असलं, क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल, किटोकोनॅझोल, की ते बुरशीचं. टर्बिनाफिन पण बुरशीचं.

आणि टक्केवारीवर जाऊ नका, इथे शिकलेली माणसं पण फसतात. क्लोबेटासोलपुढे ०.०५ टक्के लिहिलेलं असतं, लोकांना वाटतं अरे किती कमी आहे. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सगळ्यात सौम्यातलं आणि क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे सगळ्यात जहाल. दोघांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

तुमच्या ट्यूबमधलं निओमायसिन, त्याची काही जणांना ॲलर्जी पण येते, वेगळीच खाज सुरू होते. म्हणजे एका नायट्यावर तीन औषधं, त्यातलं कामाचं एकच.

नाना गंगापूर रोड

आमच्या लहानपणी टाकळ्याचं बी आंबट ताकात वाटून लावायचे, गजकर्ण जायचं. आता टाकळा कुणाला ओळखू येत नाही. असो. लिंबू आणि लसूण मात्र कुणी सांगितलं तरी लावू नका, आमच्या शेजाऱ्यांनी जांघेत लसूण चोळला आणि फोड येऊन चालता येईना.

स्किन रेसिडेंट नाशिक

वहिनी, मी स्किनमध्ये पीजी करतोय. इथे बसून तुमच्या मिस्टरांवर उपचार करता येणार नाहीत, पण प्रश्न चांगला विचारलाय आणि तुमचा मावसभाऊ पण पूर्ण चुकीचा नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्या की लाली, सूज, खाज हे बुरशी स्वतः करत नाही. बुरशी त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरात केराटिन, म्हणजे त्या थरातलं प्रथिन, खात बसलेली असते, आणि आपलं शरीर तिला हाकलायला जी झटापट करतं त्याची ती लाली. म्हणून कड लाल आणि मध्यभाग फिका, कारण झटापट कडेला चालू असते. आता स्टिरॉइड काय करतं, तर शरीराला सांगतं शांत बस. रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते, खाज थांबते, पेशंट खूश. बुरशीला मात्र मोकळं रान. सोबत मायकोनॅझोल आहे ना मग, असं म्हणाल, तर ते आहे, पण क्लोबेटासोलसारखं जहाल औषध जिथे बाकीचं सगळं दाबून टाकतंय तिथे ते एकटं कमी पडतं, आणि मुख्य म्हणजे दोन दिवसात बरं वाटलं की पेशंट ट्यूबच बंद करतो. बुरशीच्या क्रीमला आठवडेच्या आठवडे लागतात. म्हणजे स्टिरॉइडला पुरेसा वेळ मिळाला आणि बुरशीच्या औषधाला नाही.

आता परदेशाचं. २०१४ मध्ये कॉक्रेन या, जगभरचे औषधांचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा एक मोठा रिव्ह्यू आला होता, अंगावरच्या आणि जांघेतल्या नायट्यावर लावायच्या औषधांचा, १२९ ट्रायल आणि १८ हजारांवर पेशंट. त्यात असं दिसलं की नुसत्या एझोल क्रीमपेक्षा (तीच ‘झोल’वाली बुरशीची औषधं) एझोल अधिक स्टिरॉइड लावलेल्यांची त्वचा दिसायला जरा जास्त सुधारली, पण तपासणीत बुरशी गेली की नाही हे बघितलं तर दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता. पुरावेही फार भक्कम दर्जाचे नव्हते असं त्यांनीच म्हटलंय. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, त्या ट्यूबने दिसणं सुधारतं.

तरीही मिक्स क्रीमला जागा आहे, नाही असं नाही. एखादा पेशंट येतो, पहिल्यांदाच झालंय, आधी काही लावलेलं नाही, कातडी इतकी सुजलीये आणि ओलसर झालीये की साधं क्रीम लावलं तरी झोंबतं. किंवा जाड माणसाच्या पोटाच्या वळीत, स्तनाखाली कँडिडा या दुसऱ्या प्रकारच्या बुरशीमुळे लाल चट्टा आलाय. अशा वेळी सौम्य स्टिरॉइड मिसळलेलं थोडे दिवस देऊन मग साध्यावर आणतात. ब्रिटनमध्ये क्लोट्रिमॅझोल अधिक १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन मिळतं, तेही ७ दिवसांच्या वर नाही आणि चेहऱ्यावर, गुप्तांगाच्या जागी नाही. अमेरिकेत क्लोट्रिमॅझोल अधिक बीटामेथासोन आहे, ते १७ वर्षांखालच्यांना देऊ नका म्हणतात, आणि अंगावर जांघेत जास्तीत जास्त २ आठवडे. आता याच्या शेजारी आपली क्लोबेटासोलची ट्यूब ठेवून बघा, आणि उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा हिशोब. भाऊ ज्या मिक्स क्रीमबद्दल बोलतोय आणि मिस्टर जे लावतायत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जागेचं पण सांगतो. १९६७ चा एक जुना अभ्यास आहे, हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या कुठल्या भागातून किती शोषलं जातं याचा. कोपराखालच्या हाताला १ धरलं तर वृषणाच्या त्वचेतून ४२ पट. जांघ तशीच पातळ, घडीची, घामाने ओली, वरून घट्ट कपडा. तिथे जहाल स्टिरॉइड महिनोन्‌महिने गेलं की कातडी पातळ होते आणि पांढरट लाल पट्टे पडतात, बाळंतपणानंतर पोटावर पडतात तसे. हे पट्टे जात नाहीत. फिके होतात, जात नाहीत. बुरशी केसांच्या मुळात उतरली तर गाठी येतात, मग क्रीमने काहीच होत नाही, पोटातूनच औषध लागतं. म्हणून त्या जागी ब्लेड फिरवू नका म्हणावं.

आता लाली दुप्पट का झाली. क्लोबेटासोल बंद केल्यावर हे बऱ्याचदा होतं, इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम वर येतं. पहिले एक दोन आठवडे वाईट जातात आणि नेमकं तेव्हाच पेशंट जुन्या ट्यूबकडे पळतो. स्किनवाल्यांनी हे आधी सांगायला हवं होतं असं मला वाटतं, ओपीडीत वेळ नसतो हे माहितीये, पण हे एक वाक्य सांगितलं तर निम्मे पेशंट टिकतील. फोन करून खाजेसाठी काही मिळतंय का विचारा, गोळ्या असतात. फक्त मिस्टर मशीनवर असतात हे आवर्जून सांगा, त्यातल्या काही गोळ्यांनी झोप येते.

पण पू, ताप, पायाला किंवा जांघेत दुखरी गाठ, कातडी गरम लागणं, असं काही असेल तर वाट बघू नका, लगेच दाखवा, त्यावर वेगळा बॅक्टेरिया बसलेला असू शकतो.

द्राक्षवाला दिंडोरी

रेसिडेंट साहेब बरोबर लिहिलंय पण एक बाजू आमची. आमच्याकडे छाटणीला, डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) माणसं येतात, दिवसभर ओल्या बागेत, पायाला चिखल्या आणि जांघेत हेच. त्यांना स्किनवाला म्हणजे नाशिकला जायचं, रोज बुडणार, तपासणी फी, आणि तुमच्या त्या कॅप्सूल महिनाभर. त्यापेक्षा गावातल्या मेडिकलची ट्यूब स्वस्त आणि रात्री झोप लागते. त्यांना बंद करा म्हणणं सोपं आहे.

बाकी औषध ऐकेनासं होतं हे बागायतदाराला शिकवायला नको. द्राक्षावरच्या डावणी रोगावर एकच आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारं, औषध सलग मारलं, तेही कमी डोसने, की पुढच्या पावसात डावणी त्याला भीक घालत नाही, म्हणून आपण औषधाचा गट बदलतो, डोस पूर्ण देतो. माणसाच्या बुरशीचं पण तेच चाललंय का? कारण पूर्वी एका ट्यूबमध्ये जायचं ते आता घरातल्या सगळ्यांना फिरून फिरून होतंय.

स्किन रेसिडेंट नाशिक

दादा, अगदी तेच. भारतात गेल्या काही वर्षांत नायट्याची जी साथ आहे तिच्यामागे बऱ्याच ठिकाणी एक वेगळी बुरशी सापडतेय, २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं, जपानमध्ये भारतीय आणि नेपाळी पेशंटकडून मिळालेल्या नमुन्यांवरून. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर काम करतं त्याच्या जीनमध्येच तिच्यात बदल झालेले सापडतात, त्यामुळे टर्बिनाफिन बऱ्याच जणांना लागू पडत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला पण सापडली. स्टिरॉइडच्या ट्यूबांनीच ती तयार झाली असं सरळ म्हणता येणार नाही, पण अर्धवट उपचार आणि दबलेली खाज घेऊन महिनोन्‌महिने फिरणारी माणसं, यामुळे ती पसरायला मदत झाली असं आमच्यातले बरेच जण मानतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल संघटनेने स्टिरॉइड क्रीमच्या गैरवापराविरुद्ध वेगळा टास्क फोर्सच केलाय.

खर्चाचं तुम्ही म्हणता ते खरंय. सिव्हिलला स्किनची ओपीडी आहे, आडगावला मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, आणि वहिनी, मिस्टरांचं ईएसआयचं कार्ड असेल तर सातपूरलाच कामगार विमा रुग्णालय आहे, आधी तिथे विचारा. पण बागेतल्या बाईचा रोज बुडतो त्याला माझ्याकडे उत्तर नाही. निदान साधं क्लोट्रिमॅझोल तरी घ्यावं तिने, स्टिरॉइडच्या ट्यूबपेक्षा महाग नसतं, फक्त लगेच बरं वाटत नाही.

इंदिरानगरची आई

मध्येच विचारते, विषय तोच आहे. नातवाला डायपरमुळे लाल झालंय, बारीक बारीक पुटकुळ्या पण आहेत. सुनेकडे अशीच मिक्स ट्यूब आहे, ती स्वतः तीच पिंपल्सला पण लावते आणि म्हणते रंग उजळतो. बाळाला लावली तर चालेल का थोडीशी?

स्किन रेसिडेंट नाशिक

नाही काकू, बाळाला अजिबात नको. डायपर म्हणजे वरून प्लास्टिक बांधल्यासारखं, त्याखाली स्टिरॉइड कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि बाळाचं अंगच केवढं. पुटकुळ्या असतील तर कँडिडा असू शकतो, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते साधं बुरशीचं क्रीम देतील, कधी गरज वाटली तर अगदी सौम्य काहीतरी दोन चार दिवस, ते त्यांनी ठरवायचं. तोवर डायपर शक्य तितका वेळ काढून ठेवा, जुन्या सुती लंगोटासारखं काही नाही.

सुनेला हे दाखवा. चेहऱ्यावर ती ट्यूब लावत राहिल्याने आधी उजळ वाटतं, मग चेहरा कायम लाल, बारीक शिरा दिसायला लागतात, पुरळ आणि केस वाढतात, आणि बंद केली की आग. आमच्याकडे या प्रकाराला वेगळं नावच आहे इतके पेशंट येतात.

अंबडचा फिटर

वहिनी मी पण एमआयडीसीतच. औषधाचं डॉक्टर सांगतील, मी कपड्याचं सांगतो कारण माझं त्याशिवाय जात नव्हतं. युनिफॉर्मचे दोन जोड असतील तर तिसरा शिवून घ्या, ओली पँट परत घालायचीच नाही. रेनकोटची पँट विकत घ्या, लोक वरचा रेनकोट घालतात आणि खाली भिजतात. आतले कपडे सुती आणि सैल, जीन्स सुट्टीच्या दिवशी पण नको. लॉकरमध्ये एक जादा चड्डी आणि टॉवेल, शिफ्ट संपली की तिथेच अंग धुऊन कोरडं करून निघायचं. कमरेचा पट्टा पण बदला, चामड्याच्या पट्ट्यात घाम मुरतो.

आणि घरात टॉवेल वेगळा. आमच्याकडे एकच टॉवेल तीन जण वापरायचो, मग मुलाच्या मानेवर आलं. कपडे गरम पाण्यात भिजवायचे, उलटे करून उन्हात. पावसाळ्यात ऊन कुठलं म्हणाल तर इस्त्री, आतून.

सिडकोची वहिनी

सगळ्यांचे खूप आभार. तुमचं वाचून दाखवलं तर मिस्टर म्हणाले पट्टे आहेत बहुतेक, मला घाम आल्यासारखं झालं. टॉवेल तर आमच्याकडे पण एकच, आणि लेकीच्या दंडावर एक गोल दिसतंय आता, मी पावडरची ॲलर्जी समजत होते.

दोन तीन गोष्टी विचारायच्यात. कॅप्सूल इट्राकोनॅझोल आहेत, मिस्टर सकाळी उपाशीपोटी घेतात, ॲसिडिटीच्या गोळीबरोबरच. चालतं ना? साधं क्रीम किती आणि कुठे लावायचं, ते फक्त लाल कडेवर लावतात. आणि सासऱ्यांना पण पाठीवर आहे, त्यांना शुगर आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, त्यांना याच कॅप्सूल दिल्या तर?

मेडिकलवाला पंचवटी

वहिनी थांबा, सासऱ्यांना देऊ नका. इट्राकोनॅझोल काही कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबरोबर अजिबात जमत नाही, सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन तर नकोच, ॲटोर्व्हास्टॅटिन असेल तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, स्नायूंना धोका असतो. हृदय कमजोर असेल तरी हे औषध टाळतात. त्यांची सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. शुगर पण तपासून घ्या, शुगर वर असली की हे जाता जात नाही.

मिस्टरांचं म्हणाल तर साध्या इट्राकोनॅझोल कॅप्सूलला पोटात आम्ल लागतं, म्हणून भरपेट जेवणानंतर. उपाशीपोटी आणि वरून ॲसिडिटीची गोळी म्हणजे निम्मं औषध वायाच. एक नवीन प्रकारची कॅप्सूल येते, सुबा म्हणतात, तिचे नियम जरा वेगळे, तेव्हा खोका बघून मगच सांगता येईल. ॲसिडिटीची गोळी लागतेच का, हे आधी डॉक्टरांना विचारा.

स्किन रेसिडेंट नाशिक

मेडिकलवाल्या काकांनी बरोबर सांगितलं. क्रीमचं असं, फक्त कडेवर नाही, चट्टा पूर्ण आणि त्याच्या बाहेर साधारण २ सेंटीमीटर चांगली दिसणारी कातडी पण, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. दिवसातून दोनदा, आणि चट्टा पूर्ण गेल्यावर पुढे किमान २ आठवडे. ल्युलिकोनॅझोलसारखं असेल तर दिवसातून एकदा पुरतं, तुमच्या चिठ्ठीवर बघा. प्रमाण, तर अंगठ्याशेजारच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की ती अंदाजे अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा होते. मांडी, जांघ, कंबर मिळून तुमच्या मिस्टरांना जितकं लागेल त्या मानाने १० ग्रॅमची ट्यूब फार दिवस पुरायला नको. पुरत असेल तर कमी लावतायत. आंघोळ करून, नीट कोरडं करून लावायचं.

लेकीलाही सोबत न्या, एकाच वेळी सगळ्यांचं केलं नाही तर घरात गोल गोल फिरत राहतं. तिला त्या मिक्स ट्यूबमधलं काही लावलंय का आतापर्यंत?

सिडकोची वहिनी

लेकीला नाही लावलं, नशीब. सासूबाई लावणार होत्या काल. ट्यूब कपाटात वर ठेवलीये.

शनिवारी तिघांना घेऊन जातेय त्याच स्किनवाल्यांकडे. ते मागच्या वेळी म्हणाले होते की खरवडून तपासणी करू, मिस्टर नको म्हणाले. दुखतं का ते? आणि त्याआधी क्रीम बंद ठेवायचं का?

स्किन रेसिडेंट नाशिक

दुखत नाही, बोथट ब्लेडने कडेची साल खरवडतात, काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात, बुरशीचे धागे दिसतात. स्टिरॉइड लावलेल्यांमध्ये तर बऱ्याचदा भरपूर दिसतात. ही तपासणी नक्की करा, कारण स्टिरॉइडने नायट्याचं रूप इतकं बदलतं की एक्झिमा का सोरायसिस असा गोंधळ होतो, आणि मग कुणीतरी परत स्टिरॉइडच लिहून देतं. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला, पाठवणार असतील तर क्रीम किती दिवस आधी थांबवायचं ते त्यांनाच फोन करून विचारा, कॅप्सूल मनाने बंद करू नका. त्या दिवशी सकाळी मात्र क्रीम, पावडर, तेल काही लावू नका. आणि कपाटातली ट्यूब खोक्यासकट सोबत न्या.

मेडिकलवाला पंचवटी

आणि सासऱ्यांच्या गोळ्यांची पिशवी.